पाणी कुठे मुरतंय?

“महिन्यापूर्वी कूलंट भरलं होतं, आज बघतो तर बाटली पुन्हा तळाला. पण गाडीखाली एक थेंब पडलेला नाही. मग जातं कुठे?”

गॅरेजमध्ये हा प्रश्न नेहमीचा, आणि त्यावरचं उत्तरही बरेचदा ठरलेलं: “उन्हाळा आहे साहेब, उडतं थोडं. भरत राहा.” या ‘भरत राहा’नं पुष्कळ इंजिनांचा घात केला आहे. पेट्रोल संपतं कारण ते जळतं. इंजिन ऑइलही थोडंफार जळतं. कूलंट मात्र बंद वाटेनं फिरतं आणि फिरून तिथंच येतं. ते खर्च होण्याची सोयच नाही. वर्षभरात पातळी बोटभर उतरली तर काळजी नको. महिन्या-दोन महिन्यांनी भरावं लागत असेल, तर गळती आहे, मग ती दिसो वा न दिसो.

1. इंजिनाला पाणी कशाला?

इंधन पेटतं त्या क्षणी सिलिंडरमधल्या वायूंचं तापमान 2000 अंश सेल्सिअसच्या वर जातं. ज्या ॲल्युमिनियमचं हेड सिलिंडरवर बसलेलं असतं, ते 660 अंशांना वितळतं. इंधनातल्या उष्णतेचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी चाकं फिरवण्याच्या कामी येतो, जवळजवळ तितकाच सायलेन्सरवाटे बाहेर जातो आणि उरलेला बहुतेक कूलंटला उचलून न्यावा लागतो. इंजिन बंद पडत नाही तोवर, सतत.

पहिल्या गाड्यांत ही उष्णता पाणी उकळवूनच घालवत. कार्ल बेंझच्या 1886च्या तीनचाकी गाडीत पाण्याची वाफ हवेत जायची आणि वाटेत पुन्हा पुन्हा पाणी ओतावं लागायचं. 1888च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बेर्था बेंझ मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला निघाली, तेव्हा त्या शंभरेक किलोमीटरच्या वाटेत ती ठिकठिकाणी पाणी भरत गेली. पुढे विल्हेल्म मायबाखनं आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांचा, मधमाश्यांच्या पोळ्याच्या घडणीचा रेडिएटर बनवला. तो 1900-01च्या मर्सिडीज गाडीवर बसला आणि थोड्या पाण्यात मोठं इंजिन थंड राहू लागलं.

आजच्या गाडीतला मार्ग असा: वॉटर पंप कूलंटला इंजिनाच्या ब्लॉकमधून आणि हेडमधून ढकलतो. इंजिन गार असेपर्यंत थर्मोस्टॅट नावाची झडप रेडिएटरकडची वाट बंद ठेवते. कूलंट 80 ते 90 अंशांच्या दरम्यान पोहोचलं की ती उघडते, गरम कूलंट रेडिएटरमध्ये जातं, वाऱ्यानं आणि पंख्यानं निवतं आणि परत पंपाकडे येतं. एक छोटी फांदी डॅशबोर्डमागच्या हीटरकडे जाते. या वाटेवर जिथं जिथं दोन वस्तू एकमेकींना जोडल्या आहेत, तिथं तिथं गळती होऊ शकते.

2. झाकणातला दाब

स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये डाळ लवकर शिजते, कारण शिट्टीच्या वजनानं वाफ कोंडली जाते आणि पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. रेडिएटरचं झाकण हेच काम करतं. त्यावर 0.9, 1.1 किंवा 1.4 असा आकडा छापलेला असतो. हवेच्या नेहमीच्या दाबापेक्षा झाकण किती जास्त दाब धरून ठेवील, ते हा आकडा सांगतो. 1.1च्या झाकणाखाली साधं पाणीही 120 अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. त्यात निम्मं ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, असेल तर मर्यादा सुमारे 130वर जाते. उलट, दाबच राहिला नाही तर? महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं. चढाला कूलंट तेवढं सहज तापतं. म्हणजे पाणी पुरेसं असूनही नुसतं झाकण ढिलं पडल्यानं गाडी घाटात उकळू शकते.

गरम झाल्यावर कूलंट फुगतं, पाच लिटरमागे साधारण दोनशे मिलिलिटर. हे जादा कूलंट झाकणाच्या झडपेतून बारीक नळीवाटे बाजूच्या बाटलीत जातं. रात्री इंजिन निवतं, आत पोकळी तयार होते, झाकणातली दुसरी छोटी झडप उघडते आणि बाटलीतलं कूलंट परत ओढलं जातं. (काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं. बाटलीच जाड प्लास्टिकची आणि दाब सोसणारी असते, आणि झाकण तिच्यावर.)

इथं एक धोका लपलेला आहे, आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. ही छोटी झडप अडकली, झाकणाचं रबर कडक झालं किंवा बाटलीच्या नळीला चीर गेली, तर निवताना इंजिन कूलंटऐवजी हवा ओढतं. बाटली दिसायला काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा! म्हणून रेडिएटरला झाकण असलेल्या गाडीत केवळ बाटलीवर विसंबू नये. आठवड्यातून एकदा सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, झाकण उघडून कूलंट गळ्यापर्यंत आहे का ते पाहावं.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याचंही तसंच. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असायला हवा. कूलंट इतकं खाली गेलं की सेन्सर कोरडा पडला, तर काटा निवांत मधोमध उभा राहू शकतो आणि आत हेड भाजत असतं. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाही नाही, फक्त लाल दिवा. तो लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

3. थेंब का दिसत नाही

आधी थोडा हिशेब करू. वीस थेंबांचं साधारण एक मिलिलिटर होतं. एखाद्या जोडातून दर दहा सेकंदांना एक थेंब गळतो असं धरू. मिनिटाला 6, तासाला 360 थेंब, म्हणजे 18 मिलिलिटर. रोज दोन तास गाडी चालली, महिन्यात पंचवीस दिवस, तर 50 तासांत 900 मिलिलिटर. छोट्या गाडीत एकूण कूलंट चार-पाच लिटर असतं. म्हणजे दहा सेकंदांना एक थेंब, आणि महिन्याकाठी पाचवा हिस्सा गायब.

आणि हा थेंब जमिनीवर पोहोचतच नाही. तो तापलेल्या धातूवर पडून तिथंच सुकतो किंवा खालच्या प्लास्टिकच्या आवरणात साचतो. शिवाय बरीच गळती दाब चढल्यावरच, म्हणजे धावत्या गाडीत होते. पार्किंगमधली फरशी कोरडी राहते ती त्यामुळे.

याच्या उलटही घडतं. डिसेंबरातल्या नाशिक-निफाडच्या पहाटे गाडीखाली ओल दिसते आणि इंजिन तापल्यावर गळणं थांबतं. थंडीनं रबर आणि धातू आकसतात, पण सारखे आकसत नाहीत, आणि क्लिपखाली बारीक फट पडते. अशी गळती दुपारी गॅरेजमध्ये कधीच सापडत नाही. गाडी रात्रभर तिथं ठेवावी लागते.

पुढच्या डाव्या बाजूला, पायांच्या जागेखाली पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी मात्र बहुधा एसीचं असतं. बोटांत घेऊन पाहा. कूलंट रंगीत आणि किंचित चिकट असतं, त्याला गोडसर वास येतो. चव मुळीच पाहू नका, कारण त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.

4. शोध: गार इंजिन, टॉर्च आणि धीर

इंजिन गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. दाब सुटला की आतलं पाणी एकदम उकळून उसळतं आणि चेहरा, हात भाजतात.

गार इंजिनावर टॉर्च मारून सुकलेले डाग शोधायचे. सुकलं की कूलंटचा पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा उरतो, जसा रंग तसा. ओघळ दिसला की त्याच्या वरच्या टोकाला जायचं. वारा आणि पंखा थेंब मागे उडवतात, म्हणून डाग जिथं सगळ्यांत मोठा, तिथं गळती असेलच असं नाही. ओघळ जिथून सुरू होतो तिथं ती असते.

पाइप दाबून पाहा. चांगला पाइप लवचीक लागतो. क्लिपजवळ पिचपिचीत झालेला, तेलानं फुगलेला किंवा दाबल्यावर करकरणारा पाइप बदलायचा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरींसोबत बारीक पाइपही कुरतडतात, तेही तपासा.

रेडिएटरची दोन्ही टोकं नीट बघा. आजच्या बहुतेक रेडिएटरचा मधला जाळीचा भाग ॲल्युमिनियमचा असतो आणि टोकांच्या टाक्या प्लास्टिकच्या. ॲल्युमिनियमच्या कडेचे बारीक दात दुमडून प्लास्टिक धरलेलं असतं आणि मध्ये रबराची पट्टी असते. वर्षानुवर्षं तापून-निवून प्लास्टिक ठिसूळ होतं, रबर कडक होतं आणि दातांच्या ओळीत पांढरट-हिरवट रेघ उमटते. ही रेघ केसाएवढी असली तरी त्या रेडिएटरचे दिवस भरलेले असतात.

वॉटर पंपाची खूण आणखी बारीक. पंपाच्या दांड्याभोवती एक सील असतं आणि त्याच्या मागे, पंपाच्या अंगाला खालच्या बाजूनं, एक छोटं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये शिरण्याआधी त्या भोकातून बाहेर यावं, यासाठी ते आहे. छोट्या आरशानं पाहिलं की भोकाखाली रंगीत शेंबडासारखा ओघळ दिसतो. काही जण हे भोकच सीलंटनं बुजवतात. मग कूलंट बेअरिंग खातं, आणि पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही धोक्यात येतो. पुली हातानं हलवून पाहा. ती डुगडुगली तर पंप गेला.

राहिला हीटर. केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर आतून तेलकट धुकं आणि डॅशबोर्डखालची चिकट, ओली मॅट हे तिन्ही एकत्र आले की हीटरचा कोअर गळतो आहे.

5. दाब देऊन बघणं

नुसत्या डोळ्यांनी सापडलं नाही, तर प्रेशर टेस्टर लावायचा. हा हातपंप असतो, त्याला गेज आणि रेडिएटरच्या तोंडावर बसणारं झाकण. कूलंट पूर्ण भरून, गार इंजिनावर, गाडीच्या झाकणावर छापलेला असेल तेवढाच दाब द्यायचा, त्याहून जास्त नाही. इंजिन बंद असल्यानं पंखा फिरत नाही, धातू तापलेला नसतो, आणि सुकून जाणारा थेंब आता डोळ्यांसमोर लोंबकळतो. गाडी गरम करून अंदाज बांधण्यात दिवस घालवण्यापेक्षा ही पंधरा मिनिटं मोलाची आहेत. तुमच्या मेकॅनिककडे टेस्टर नसेल तर ज्याच्याकडे आहे तिथं गाडी न्या, असं मी आग्रहानं सांगेन.

समजा, 1.1 दाब दिला. दहा मिनिटांनी गेज 1.1वरच असेल, तर झाकण संशयित. टेस्टरला जोडणी लावून तेही तपासता येतं. गेज 0.8वर आलं आणि कुठून तरी थेंब पडताना दिसला, तर काम झालं. गेज 0.8वर आलं पण बाहेर सगळं कोरडं, तर कूलंट आत जात आहे.

6. बाहेर कोरडं, आत ओलं

ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये हेड गॅस्केट असतं. एकाच पातळ पत्र्यासारख्या थरानं पेटते वायू, वाहतं तेल आणि फिरतं कूलंट एकमेकांपासून वेगळं ठेवायचं असतं. ते फाटलं तर कूलंट सिलिंडरमध्ये किंवा तेलात जातं, किंवा वायू कूलंटमध्ये घुसतो.

गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा रेडिएटर पाइप दगडासारखा टणक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही, वायूचा आहे. बाटलीत सतत बुडबुडे येणं हेही त्याचंच लक्षण. सायलेन्सरमधून थोडी वाफ थंडीत प्रत्येक गाडीतून निघते. इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर ते कूलंट. ऑइलच्या झाकणाखाली मळकट पांढरी साय दिसली म्हणून घाबरून हेड उतरवू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती दमटपणामुळेही येते. डिपस्टिकवरचं सगळं तेलच दुधाळ झालं असेल, तर मात्र इंजिन चालू करायचं नाही.

पक्कं करण्यासाठी एक साधी चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरून आतली हवा त्यातून ओढतात. हवेत जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळं द्रावण पिवळं होतं. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग काढूनही पाहतात. चार प्लगांपैकी तीन तपकिरी आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातं आहे. डिझेल गाडीत हेड उतरवण्याआधी ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर गार करणारा भाग, तपासावा, तिथूनही कूलंट गुपचूप धुरात जातं.

7. दुरुस्ती

पाइप आणि क्लिपचं काम सोपं आहे. पाइप त्या गाडीच्या वळणाचाच घ्यावा. सरळ पाइप वाकवून बसवला की घडी पडते आणि वाट अडते. क्लिप पाइपाच्या अगदी टोकाला नको, नळीच्या उंचवट्याच्या मागे हवी. झाकणात तर काही करायचंच नसतं. छापलेला आकडा जुळवून नवं घ्यायचं.

प्लास्टिकच्या टाकीला तडा असेल तर एम-सील किंवा ॲराल्डाइट लावून घरापर्यंत पोहोचता येतं, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. जुने पितळी-तांब्याचे रेडिएटर डाख देऊन वर्षानुवर्षं चालत. प्लास्टिकला डाख लागत नाही. टाकी आणि रबर बदलून दात पुन्हा दुमडणारे कारागीर आहेत, पण जाळीही खराब असेल तर नवा रेडिएटरच घ्यावा.

हायवेवरचे जुने ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकतात आणि बारीक गळती खरंच थांबते. हळदीचे कण भोकाकडे वाहत जाऊन तिथं अडकतात. बाजारातली गळती थांबवणारी पावडर साधारण याच तत्त्वावर चालते. पण कणांना गळतीचं भोक आणि रेडिएटरची अरुंद नळी यांतला फरक कळत नाही. हीटरचा कोअर आणि रेडिएटरच्या नळ्याही बुजतात. आडरानात अडकलात तर टाका, पण गावात पोहोचताच सगळं धुऊन मूळ गळती दुरुस्त करा.

पंप बदलताना जुनं गॅस्केट खरवडून काढावं लागतं, आणि ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला तर नवा पंपही गळतो. सीलंटची रेघ बारीक हवी. जादा लावलेलं आतल्या बाजूनं सुटून वाहत जातं. पंप टायमिंग बेल्टवर असेल तर बेल्ट त्याच वेळी बदलावा, कारण मजुरी एकच आहे.

हेड गॅस्केटचं काम मोठं. नवं गॅस्केट घालून हेड तसंच बसवणं म्हणजे पैसे वाया. गॅस्केट बहुधा इंजिन तापल्यानंच गेलेलं असतं आणि त्या तापण्यात हेड वाकलेलं असू शकतं. सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज सरकवतात. मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढी फटही अनेक इंजिनांना चालत नाही. मग हेड वर्कशॉपमध्ये फेसिंग करून, तडे तपासून आणायचं. बोल्ट कंपनीनं दिलेल्या क्रमानं, बहुधा मधून बाहेर, टॉर्क पान्यानं टप्प्याटप्प्यानं आवळायचे. आणि इंजिन मुळात का तापलं होतं, ती पहिली गळती शोधल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही.

“थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?” असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन उशिरा तापतं, पेट्रोल जास्त खातं आणि झिजतं. गळतीशी त्याचा काही संबंध नाही.

8. भरणं आणि हवा काढणं

आपल्या हवेत कूलंट गोठण्याची भीती नाही, तरी ते हवंच. त्यातली रसायनं ॲल्युमिनियमला गंज आणि झीज यांपासून जपतात. बोअरवेलचं जड पाणी आत क्षारांचा थर धरतं, म्हणून मिसळायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. रंगावर जाऊ नका. एकाच रंगाच्या दोन बाटल्यांतली रसायनं वेगळी असू शकतात आणि काही मिश्रणांत गाळ धरतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचंच घ्या.

निम्मं-निम्मं मिश्रण करताना एक चूक वारंवार होते. समजा, एकूण क्षमता 5 लिटर आहे. पाण्यानं धुतल्यावर दीड लिटर पाणी ब्लॉकमध्येच उरलं. आता बाहेर तयार केलेलं निम्मं मिश्रण भरलं तर त्यातले साडेतीन लिटर मावतील, म्हणजे पावणेदोन लिटरच शुद्ध कूलंट, 35 टक्के. त्यापेक्षा आधी अडीच लिटर शुद्ध कूलंट ओता आणि वर मावेल तेवढं डिस्टिल्ड वॉटर. म्हणजे प्रमाण बरोबर बसतं.

भरताना हळू ओता. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर उघडा, गाडीचं तोंड थोडं चढाला असेल तर उत्तम. झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू करा आणि पंप फिरू द्या. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा आणि बुडबुडे थांबले की झाकण लावा. रेडिएटरला झाकण नसलेल्या गाडीत पुस्तकातली पद्धत पाळा. हीटरमधून गरम हवा येत नसेल तर आत अजून हवा अडकलेली आहे.

काढलेलं जुनं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशा मात्रेनंही त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ‘विष’ असं लिहून, वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर बाटलीला मार्करनं पातळीची रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती थोडी उतरेल, कारण उरलेली हवा बाहेर पडत असते. तेवढं एकदा भरून नवी रेघ मारा. पंधरा दिवसांनी पातळी त्या रेघेच्या खाली असेल, तर टेस्टर पुन्हा लावायला हवा.